इतक्या नव्या पद्धती आल्या, तरी साधा वेल्डिंग रॉड टिकून कसा?

दुबईत देऱ्याच्या बाजूने खाडीलगत चालत गेलात, तर धक्क्याला लागलेली लाकडी गलबतं दिसतात. समजा, त्यातल्या एकाच्या इंजिनाखालची लोखंडी चौकट तडकली. ती उचलून वर्कशॉपला नेणं अवघड. धक्क्यावर खारा वारा आणि लोखंडावर थोडाफार गंज. अशा ठिकाणी वेल्डर बहुतेक वेळा जे मशीन घेऊन येईल, त्याचं तत्त्व शंभर वर्षांपेक्षा जुनं आहे: एक होल्डर, दोन केबल आणि पांढुरक्या लेपाचे रॉड. यालाच स्टिक वेल्डिंग म्हणतात. आपल्याकडे गावोगावी ग्रिल, गेट आणि ट्रॅक्टरची ट्रॉली जोडतात, तेही बहुतेक यानेच.

आधी एक फरक स्पष्ट करू. देऱ्याच्याच गोल्ड सूकमध्ये विकला जाणारा एखादा हार सोनाराने डाख देऊन जोडलेला असतो. डाख सोन्यापेक्षा कमी तापमानाला वितळतो. दागिना स्वतः वितळत नाही. वेल्डिंगमध्ये मात्र दोन्ही तुकड्यांच्या कडाच वितळतात, एकमेकींत मिसळतात आणि एकत्र थिजतात.

पोलाद वितळायला साधारण १५०० अंश सेल्सिअस लागतात. रॉडचं टोक लोखंडाला टेकवून दोन-तीन मिलिमीटर मागे घेतलं की मधल्या फटीत विजेची आर्क पेटते. तिथे व्होल्टेज फक्त २०-३० असतं, पण नेहमीच्या ३.१५ मिलिमीटर जाडीच्या रॉडमधून साधारण १०० अँपिअर करंट वाहतो. आर्कचं तापमान ५००० अंशांच्या आसपास जातं. म्हणजे उष्णता मिळवणं हा प्रश्नच नाही. खरा प्रश्न हवेचा आहे.

वितळलेलं पोलाद हवेतला ऑक्सिजन आणि नायट्रोजन शोषून घेतं. मग जोड सच्छिद्र आणि ठिसूळ होतो. उघड्या तारेने वेल्डिंग करणाऱ्यांना हाच त्रास होता. स्वीडनमध्ये जहाजांचे बॉयलर दुरुस्त करणाऱ्या ऑस्कर शेलबर्ग या अभियंत्याने विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात तारेवर लेप चढवला. १९०४ साली त्याने काढलेली इसाब ही कंपनी आजही वेल्डिंगचं सामान बनवते.

हा लेप, म्हणजे फ्लक्स, एकाच वेळी तीन कामं करतो. जळताना त्यातून वायू निघतो आणि हवेला बाजूला सारतो. वितळलेला भाग धातूवर तरंगतो आणि थिजून स्लॅगचं कवच बनतो. तेच नंतर वेल्डर हातोडीने ठोकून काढतो. शिवाय लेपातल्या क्षारांमुळे आर्क स्थिर राहते.

आता बाकीच्या पद्धतींशी तुलना सोपी होते. प्रत्येक ठिकाणी एकच विचारायचं: हवेपासून संरक्षण कुठून येतं?

मिगमध्ये, म्हणजे आपल्या वर्कशॉपमधल्या ‘सीओटू वेल्डिंग’मध्ये, ते सिलिंडरमधल्या वायूतून येतं. तार रिळातून सलग येत राहते, त्यामुळे काम भराभर होतं आणि शिकायलाही सोपं जातं. टिगमध्ये, म्हणजे ‘आर्गॉन वेल्डिंग’मध्ये, टंगस्टनची न वितळणारी सुई आर्क धरते, आर्गॉन झाकण घालतो आणि भराव धातू दुसऱ्या हाताने द्यावा लागतो. ही पद्धत संथ, पण पातळ स्टेनलेस स्टीलवरही नेटकी चालते. दोन्हींची अडचण वारा. अमेरिकेतली पोलादी बांधकामाची प्रचलित संहिता वायूच्या झाकणाखालच्या वेल्डिंगसाठी ताशी सुमारे ८ किलोमीटरच्या वर वारा चालू देत नाही. एवढी झुळूक खाडीकाठी सहज असते. फ्लक्स-कोअर पद्धतीत फ्लक्स तारेच्या पोटात भरलेला असतो, म्हणून तिचे काही प्रकार उघड्यावर चालतात, पण तार ओढणारं यंत्र सोबत न्यावं लागतं.

स्टिकचे तोटेही खरे आहेत. रॉड संपला की थांबायचं, उरलेला तुकडा टाकायचा, स्लॅग झाडायचा, मग पुढे. पातळ पत्र्याला तर भोकच पडतं. म्हणून मोठ्या पाइपलाइनवर बऱ्याचदा दोन्हींची वाटणी होते: आतला पहिला थर टिगने, वरचे थर स्टिकने.

‘स्टिकमध्ये सगळं हातावर असतं,’ असं सर्रास म्हटलं जातं. ते अर्धंच खरं आहे. सगळं संरक्षण लेपात असेल, तर लेप कसा ठेवला यावरही तेवढंच अवलंबून असतं.

घरच्या गेटला वापरतात तो ६०१३ रॉड, त्याच्या लेपात टायटॅनियमचं ऑक्साइड जास्त. तो थोडी हयगय सहन करतो. पूल, क्रेन, दाबाच्या टाक्या यांसाठी ७०१८ लागतो. इथे ७० म्हणजे जोडाची ताकद, दर चौरस इंचाला ७०,००० पौंड. शेवटचा ८ सांगतो की लेप कमी हायड्रोजनचा आहे. पण हा लेप ओलावा ओढतो. आर्कमध्ये पाणी फुटतं, हायड्रोजन पोलादात शिरतो आणि जोड थंड झाल्यावर, कधी कधी एक-दोन दिवसांनी, आतून तडा जातो. म्हणून ही पाकिटं उघडल्यावर रॉड गरम ओव्हनमध्ये ठेवतात, आणि वर उल्लेखलेल्या संहितेनुसार साधा ७०१८ बाहेर काढल्यावर ४ तासांत वापरावा लागतो. उलट ६०१० च्या सेल्युलोजच्या लेपाला थोडा ओलावा हवाच. तो ओव्हनमध्ये ठेवला तर बिघडतो.

ऑगस्टमधल्या दुबईची दमट हवा आठवा. मोठ्या कामांवर जोडाशेजारी वेल्डरचा क्रमांक उमटवतात. तडा सापडला की पहिलं बोट त्या क्रमांकाकडे जातं. मुंबईत पाइपवर ट्रेड टेस्ट देऊन गल्फला आलेल्या माणसाची नोकरी त्यावर ठरू शकते. पण ओव्हन बंद होता का, पाकीट उघडं पडलं होतं का, हे त्याच्या हातात क्वचितच असतं. जोड नीट तपासायचा, तर माणसाच्या हाताबरोबर ओव्हनची नोंदही बघायला हवी.

त्याच लेपाचा धूरही वेल्डरच्याच नाकात जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१७ मध्ये वेल्डिंगचा धूर माणसात निश्चित कर्करोगकारक ठरवला. आर्कचे अतिनील किरणही त्याच यादीत आहेत, आणि ‘त्याच्याकडे बघू नकोस’ हा आईचा दम त्यांच्याबाबत शब्दशः बरोबर होता.

तुमच्यापैकी कुणी विद्यापीठाच्या वर्कशॉपमध्ये शिकायला जाणार असेल, तर ६०१३ ने सुरुवात करा, काळी काच आणि मोकळी हवा असू द्या, आणि ७०१८ हातात आला की तो ओव्हनमधून कधी काढला, हे आधी विचारा.