कोकणातील साप (लेखांक ६) : धामणीची झुंज आणि संप्रेरके

पोफळीच्या परिसरात, कुंभार्ली घाटाच्या पायथ्याशी, उन्हाळा सरता सरता दोन लांबलचक साप एकमेकांना पिळे घालून अर्धे अंग उभारलेले दिसले, की 'साप लागले' असे म्हटले जाते. त्यांतला एक नाग आणि दुसरी त्याची मादी धामण, ही समजूत तर महाराष्ट्रभर आहे. प्रत्यक्षात नाग आणि धामण या वेगळ्या जाती असून त्यांचा संकर होत नाही. उभे राहून पिळे घालणारे ते दोघेही बहुधा धामण जातीचे नर असतात. प्रतिस्पर्ध्याचे डोके खाली दाबणे एवढाच त्यांचा डाव असतो. समागम मात्र जमिनीलगत, बघ्यांची निराशा व्हावी इतक्या शांतपणे चालतो: नर मादीच्या पाठीवर हनुवटी घासत पुढे सरकतो आणि शेपटीला शेपटी भिडवतो.

या हालचालींमागे संप्रेरके असतात. ऋतू पालटला की मेंदूच्या इशाऱ्यावरून पीयूषिका ग्रंथी वृषणांना आणि अंडाशयांना चालना देते. नरातील टेस्टोस्टेरॉनमुळे मूत्रपिंडाचा एक भाग फुगतो व त्याचा स्राव वीर्यात मिसळतो. मादीतील इस्ट्रोजेन यकृताकडून अंड्यांच्या बलकाची प्रथिने तयार करून घेते.

मादीचा गंधही इस्ट्रोजेनशी बांधलेला आहे. याचा सर्वांत चांगला अभ्यास झाला तो कॅनडातील मॅनिटोबा प्रांतातल्या गार्टर सापांवर. तेथील मादीच्या त्वचेवर मिथाइल कीटोन वर्गातील स्निग्ध द्रव्ये असतात. नर जिभेने त्यांचे कण टिपून टाळूतील जेकबसन इंद्रियापर्यंत पोहोचवतो. रॉबर्ट मेसन व सहकाऱ्यांनी ही द्रव्ये 1989 मध्ये ओळखली. पुढे नरांनाच इस्ट्रोजेन दिले, तेव्हा इतर नर त्यांच्याच मागे लागले!

टेस्टोस्टेरॉन चढले की प्रणय सुरू होतो, हा सोपा समजही याच सापांनी मोडला. वसंतात बिळांबाहेर येणाऱ्या नरांचे वृषण आकसलेले असतात. शुक्राणू आदल्या उन्हाळ्यातले, साठवलेले. डेव्हिड क्रूज यांच्या प्रयोगांत वृषण काढलेले नरही प्रणयाराधन करत राहिले. तेथे कळ दाबली जाते ती दीर्घ थंडीनंतरच्या उबेने. पोफळीला तसा हिवाळाच नाही, म्हणून मॅनिटोबाचा नियम धामणीला जसाच्या तसा लावणे चुकीचे ठरेल. अनेक सापांत टेस्टोस्टेरॉनचा चढ आणि समागमाचा काळ जुळतात.

झुंजीचा निकालही रक्तात उतरतो. अमेरिकेतील कॉपरहेड या विषारी सापावरील गॉर्डन श्युएट यांच्या अभ्यासात हरलेल्या नराच्या रक्तातील कॉर्टिकोस्टेरॉन हे ताणाचे संप्रेरक वाढलेले आढळले. असा नर काही काळ ना झुंजतो, ना मादीजवळ जातो.

समागमानंतर मादीचे आकर्षण ओसरते आणि प्रोजेस्टेरॉनचा अंमल सुरू होतो. धामण अंडी घालून मोकळी होते. रत्नागिरीत सर्वपरिचित असलेले फुरसे पिल्लांना जन्म देते. अशा मादीत हा अंमल पिल्ले पोटात असेपर्यंत लांबतो.