विहिरी पाच, पाणी एक

भूजल-खेळ हा डावपेचांचा बैठा खेळ आहे. पाच भिडू, जमिनीखालचा एक सामाईक पाणीसाठा आणि दरवर्षी प्रत्येकापुढे एकच प्रश्न: यंदा शेतात काय लावायचे? प्रत्येकाची विहीर वेगळी, पण सगळ्या विहिरींना पाणी येते ते एकाच साठ्यातून. नियम पाच मिनिटांत सांगून होतात आणि दोन-तीन फेऱ्यांतच डाव रंगात येतो.

हा खेळ ज्या घराण्यातला आहे ते घराणे फार जुने नाही. बुद्धिबळात समोरच्याला मात द्यायची असते. सारीपाटात बराचसा भार फाशांवर असतो. डावपेचांच्या आधुनिक बैठ्या खेळांनी यापेक्षा निराळी घडण स्वीकारली आणि तिचे माहेर जर्मनी. तेथे 1979 पासून दरवर्षी उत्तम बैठ्या खेळाला ‘श्पील देस यारेस’ हा पुरस्कार दिला जातो. 1995 मध्ये तो क्लाउस टॉयबर यांच्या ‘कटान’ला मिळाला आणि हे खेळ जगभर पोचले. कटानमध्ये लाकूड, विटा, लोकर, धान्य आणि खनिज मिळवून बेटावर वस्ती वाढवायची असते. एकट्याकडे सगळे क्वचितच असते, म्हणून देवाणघेवाण करावी लागते. कोणी मध्येच बाद होत नाही. शेवटच्या फेरीपर्यंत सगळे खेळात असतात. 2008 मध्ये मॅट लीकॉक यांच्या ‘पँडेमिक’ने पुढचे पाऊल टाकले. त्यात सगळे भिडू एका बाजूला आणि रोगाची साथ दुसऱ्या बाजूला; जिंकले तर सगळे, हरले तर सगळे.

भूजल-खेळ या दोन्हींच्या मधोमध उभा आहे. त्यात प्रत्येकाची कमाई स्वतंत्र मोजली जाते, पण तोटा सामाईक असतो. या पेचाची मांडणी अभ्यासकांनी आधीच केली होती. सर्वांना खुले असलेले कुरण अखेरीस उजाड होते, असा सिद्धान्त गॅरेट हार्डिन यांनी 1968 मध्ये मांडला. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी कुरणे, जंगले, मासेमारी आणि कालवे यांचे प्रत्यक्ष दाखले अभ्यासून दाखवले की लोक एकत्र बसून नियम करतात, ते पाळतात आणि सामाईक साठा टिकवतात. त्यांना 2009 मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. ऑस्ट्रॉम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रयोगशाळेत असे खेळ वापरले होते. पुढे ‘इफ्प्री’ ही आंतरराष्ट्रीय अन्नधोरण संशोधन संस्था आणि ‘फाउंडेशन फॉर इकॉलॉजिकल सिक्युरिटी’ ही स्वयंसेवी संस्था यांनी त्याच धर्तीचा भूजलाचा खेळ आंध्र प्रदेशातल्या कठीण खडकाच्या भागातल्या गावांत नेला.

खेळाचे गणित एका उदाहरणाने समजते. समजा, साठ्यात 50 मापे पाणी आहे आणि दर पावसाळ्यात 5 मापे मुरतात. बाजरी किंवा हरभरा घेतला तर 1 माप पाणी लागते आणि 2 रुपये मिळतात. ऊस घेतला तर 3 मापे लागतात आणि 4 रुपये मिळतात. प्रत्येकाने आपली निवड चिठ्ठीवर लिहायची, दुसऱ्याला दाखवायची नाही. पाचही जणांनी बाजरी घेतली तर उपसा 5, भरणा 5. साठा जिथल्या तिथे. पाचही जणांनी ऊस घेतला तर दरवर्षी 10 मापांची तूट पडते आणि पाचव्या वर्षी साठा संपतो. तोवर प्रत्येकाने 20 रुपये मिळवलेले असतात. बाजरीवाल्यांना तेवढेच 20 रुपये मिळवायला 10 वर्षे लागतात, पण त्यांचा साठा भरलेला असतो आणि अकराव्या वर्षी पेरणी होते.

खरी गंमत मधल्या वाटांत आहे. एकानेच ऊस लावला तर साठा वर्षाला फक्त 2 मापांनी घटतो. पन्नास मापे संपायला 25 वर्षे लागतील. त्या एकाला दुप्पट पैसा मिळतो आणि बाकीच्यांना फरक जाणवतही नाही. दुसऱ्याने त्याचे पाहून ऊस लावला की तूट वर्षाला 4 मापांवर जाते. कोणी दांडगाई केलेली नसते, कोणी नियम मोडलेला नसतो, तरी पाणी खाली जात राहते. चिठ्ठ्या उघडल्यावर पाण्याची मापे म्हणून पटावर ठेवलेले निळे मणी उचलताना ही गोष्ट ज्या स्पष्टपणे दिसते, तशी ती शेतात दिसत नाही, कारण भूजल डोळ्यांआड असते. खेळाचे सगळे मोल या दिसण्यात आहे.

आंध्रातल्या प्रयोगांचे निष्कर्ष 2016 मध्ये प्रसिद्ध झाले. पीक आणि पाणी यांचा संबंध समोर स्पष्ट मांडला की शेतकरी एकमेकांना सांभाळून खेळू शकतात, हे त्यांतून दिसले. ज्या गावांत या स्वयंसेवी संस्थेचे काम अधिक वर्षे चालले होते, तिथे सहकार्य जास्त होते. आपसांत बोलण्याची मुभा देऊन खेळ पुन्हा खेळल्यावर मात पीकनिवड फारशी बदलली नाही. विश्वास एका बैठकीत तयार होत नाही; तो आधीच्या कामातून आलेला असतो. 2018 मधल्या पुढच्या अभ्यासात असे आढळले की खेळ झालेल्या गावांनी पाण्याची नोंदवही ठेवणे आणि उपशाचे नियम करणे अधिक प्रमाणात स्वीकारले.

महाराष्ट्रातही खडक असाच कठीण: राज्याचा चार-पंचमांशाहून अधिक भाग काळ्या बसाल्टचा आहे. त्यात पाणी साठते ते भेगांत आणि मुरमाच्या थरांत, म्हणजे थोडेच. अहिल्यानगर जिल्ह्याच्या पारनेर तालुक्यातले राळेगणसिद्धी याच खडकावर, अवर्षणप्रवण पट्ट्यात वसलेले आहे. 1975 मध्ये अण्णा हजारे गावात परतल्यानंतर श्रमदानातून पाझर तलाव, नालाबांध आणि समतल चर झाले आणि भरणा वाढला. त्याचबरोबर गावाने कुऱ्हाडबंदी, चराईबंदी पाळली आणि उपशाची बाजूही धरली: सामुदायिक विहिरी आणि उसासारख्या तहानलेल्या पिकांना आवर. याच जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने सिंचनासाठी बोअर घ्यायला बंदी केली आणि पावसाची मोजणी करून ग्रामसभेत दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडला. त्यात आधी माणसे व जनावरे यांचे पिण्याचे पाणी, मग पिके. पटावर जो भरणा आणि उपसा मण्यांनी मोजला जातो, तोच या गावांनी खऱ्या शिवारात मोजला.

खेळासाठी साहित्य थोडे लागते. पुठ्ठ्याचा पट, पाण्यासाठी पन्नासेक मणी किंवा चिंचोके, चिठ्ठ्या आणि हिशेबाची वही. पाच-पाच जणांचे गट करून मंदिराच्या सभामंडपात, शाळेच्या व्हरांड्यात किंवा वाचनालयात दोन तासांत दोन डाव होतात. पहिला डाव न बोलता खेळावा, दुसरा बोलून. गटाबाहेरचा एक जण खेळात न उतरता पाणी व पैसे यांचा हिशेब ठेवतो. वेळ असल्यास तिसरा डाव घ्यावा आणि त्यात भिडूंनी स्वतः नियम करावेत: ऊस पाळीपाळीने लावायचा, दंड ठेवायचा, की बंधारा बांधण्यासाठी प्रत्येकाने वर्गणी काढून भरणा 5 वरून 7 वर न्यायचा. डाव संपल्यावर वही सगळ्यांसमोर वाचली जाते आणि पाणी नेमके कोणत्या वर्षी, कोणत्या निवडीने खाली गेले याची चर्चा होते. ही चर्चा खेळाचाच भाग मानली जाते. तिच्याशिवाय डाव पुरा होत नाही.