आनंद आणि नफा : उंच रुळांवरील गाडीचें गणित

धुळ्यास चैत्रांत एकवीरादेवीची व अमळनेरास वैशाखांत सखाराममहाराजांची यात्रा भरते. अशा वेळीं पाळणेवाल्यापुढें दोन प्रश्न असतात : बसणारास मौज कशी वाटावी, आणि गल्ल्यांत चार पैसे कसे पडावे ? हेच दोन प्रश्न संगणकावरील एका खेळांत मुलांपुढें येतात. त्याचें नांव ‘रोलरकोस्टर टायकून’. ख्रिस सॉयर या स्कॉटिश गृहस्थानें रचिलेला हा खेळ १९९९ सालीं प्रसिद्ध झाला. खेळणारानें करमणुकीची बाग उभारावयाची, आणि उंच रुळांवरून धांवणाऱ्या गाड्या रचून ती नफ्यांत चालवावयाची. पालकांस हा निव्वळ कालापव्यय वाटण्याचा संभव आहे. परंतु त्यांतील विचार पाहण्याजोगा आहे.

अशा गाडीस बहुधा स्वतःचें इंजिन नसतें. साखळी तिला पहिल्या चढाच्या माथ्यावर ओढून नेते. पुढचें काम पृथ्वीचें आकर्षण करितें. खोपोलीजवळील इमॅजिका बागेंत २०१३ सालीं सुरू झालेली ‘नायट्रो’ सुमारें ४० मीटर उंचीची आहे. ४०, २ व ९.८ यांचा गुणाकार ७८४. त्याचें वर्गमूळ २८. म्हणजे ४० मीटर खालीं येतां सेकंदास २८ मीटर, तासास सुमारें १०० किलोमीटर, एवढा वेग येऊं शकतो. घर्षणानें व वाऱ्यानें कांहीं शक्ति वाटेंत खर्च होते. म्हणून पुढील चढ पहिल्याहून ठेंगणे ठेवावे लागतात.

खेळांत प्रत्येक गाडीस तीन अंक मिळतात : मौज, तीव्रता व मळमळ. उतार उभा केला, वळण आंवळलें, कीं तीव्रता वाढते. परंतु ती १० च्या पलीकडे गेली, कीं मौजेचा अंक घसरतो आणि ग्राहक माघारी फिरतो. सपाट रुळावर भरधांव वळण घेतल्यास बसणारा बाजूस फेकला जातो. तोच रूळ आंतल्या बाजूस कलता ठेविला, तर तो आसनांत नीट दाबला जातो व तोच वेग सुखाचा होतो.

आतां नफ्याचें पाहूं. समजा, १२ आसनांची गाडी दर ३ मिनिटांनीं सुटते. तासास २४० माणसें बसतील. दुसरी गाडी जोडून ती दीड मिनिटानें सोडल्यास ४८०. तिकीट न वाढवितां उत्पन्न दुप्पट. मात्र तासास शंभरच माणसें येत असतील, तर दुसऱ्या गाडीचा खर्च अंगावर पडेल. शिवाय गाडी जुनी होते तसतसें तिचें मोल उतरतें. मिस्त्रीचा पगार वांचविण्यासाठीं तपासणी टाळली, तर ब्रेक निकामी होऊन अपघात घडतो. आणि त्या गाडीकडे मग कोणी फिरकत नाहीं.

विद्यार्थिमित्रांनो, खेळांतील माणसें खोटीं असलीं तरी हिशेब खरा आहे. बसणाराचें सुख व सुरक्षितता जो आधीं मोजतो, त्याच्याच पाळण्यापाशीं पुढील यात्रेंतहि रांग लागते.