पक्षिनिरीक्षणाची सहल व तिचा मार्गदर्शक

पक्षी पाहावयास जावयाचें म्हणजे पहांटे उठून कोठें तरी रानांत शिरावयाचें व पुष्कळ चालावयाचें, अशी शहरांतील बहुतेक कुटुंबांची समजूत असते. ती अर्धीच खरी आहे. मुंबईस शिवडीच्या धक्क्यावर जमणाऱ्या मंडळीला पहांटे उठावें लागत नाहीं, आणि चालावें तर मुळींच लागत नाहीं. मात्र त्यांच्यांत जो जाणता असतो त्यानें आठवडाभर आधीं भरती-ओहोटीचें कोष्टक पाहून ठेवलेलें असतें. हें कोष्टक न पाहतां जो जाईल त्याच्या वांट्यास एक तर रिकामें पाणी येतें, नाहीं तर दूर क्षितिजाशीं हलणारी एक गुलाबी रेघ.

याचें कारण समजून घेण्यासारखें आहे. ठाण्याच्या खाडीच्या कांठीं दूरवर पसरलेला चिखल आहे. भरतीचें पाणी दिवसांतून दोनदां त्यावर चढतें व दोनदां उतरतें, आणि ही वेळ रोज सुमारें ५० मिनिटांनीं पुढें सरकते. पूर्ण ओहोटीस चिखल इतका उघडा पडतो कीं पक्षी पाण्याच्या कडेबरोबर कांठापासून फार दूर निघून जातात. पूर्ण भरतीस चरावयास जागाच उरत नाहीं, म्हणून ते मिठागरांत किंवा तिवरांच्या आडोशास जाऊन विसावतात. पाहण्याजोगी वेळ ती या दोहोंच्या मधली. पाणी चढूं लागलें म्हणजे चिखलाची पट्टी अरुंद होत जाते, आणि पाहणारानें एक पाऊलहि पुढें न टाकतां पक्षी आपण होऊन त्याच्याकडे सरकत येतात. त्यांतहि अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराचें उधाण व अष्टमीच्या सुमाराचा भांग यांत मोठा फरक पडतो. कोळ्याच्या पोराला जें उपजत कळतें तें शहरांतल्या पदवीधराला शिकावें लागतें.

शिवडीस आणखी एक अडचण आहे. तेथील धक्का पूर्वाभिमुख असल्यामुळें सकाळीं गेल्यास ऊन थेट डोळ्यांवर येतें व समोरचे पक्षी नुसत्या काळ्या आकृति होऊन बसतात. दुपार कलली म्हणजे तोच सूर्य पाठीशीं येतो आणि रंग उजळतात. रविवार, कलती दुपार व चढतें पाणी या तिन्ही गोष्टी एकत्र जुळणारे दिवस महिन्यांतून फार तर एक-दोन. सहलीचा दिवस ठरविणें हेंच मार्गदर्शकाचें पहिलें व बहुधा सर्वांत मोठें काम, असें म्हणतात तें यामुळेंच.

येथील मुख्य आकर्षण म्हणजे रोहित पक्षी. त्यास अग्निपंख असेंहि एक देखणें नांव आहे. १९९० नंतरच्या दशकांत हे पक्षी मोठ्या संख्येनें येथें येऊं लागले. दिवाळीच्या मागेंपुढें ते दिसूं लागतात व पावसाची चाहूल लागेपर्यंत राहतात. त्यांत बहुसंख्य लहान रोहित असतात. त्यांची चोंच गर्द तांबडी, दुरून काळसर भासणारी. मोठ्या रोहिताची चोंच फिकट गुलाबी असून टोंकास काळी असते. दोघेहि डोकें उलटें करून चोंच पाण्यांत बुडवितात आणि जिभेच्या हालचालीनें पाणी आंतबाहेर करून चोंचीच्या कडेच्या चाळणींतून अन्न गाळून घेतात. लहान रोहिताचें अन्न म्हणजे मुख्यतः सूक्ष्म शेवाळ. मोठा रोहित बारीक जलचरहि खातो. पिसांचा गुलाबी रंग या अन्नांतूनच येतो. कळपांत दिसणारे मळकट करडे पक्षी आजारी नसून अल्पवयी असतात, हें जवळजवळ प्रत्येक सहलींत कोणाला तरी सांगावें लागतें.

रोहितांनीं डोळे निवल्यावर चांगला मार्गदर्शक तिपाईवरची मोठी दुर्बीण हळूच दुसरीकडे वळवितो. चिखलावर शेंकडों लहान, मातकट पक्षी धांवत असतात व त्यांकडे कोणाचें लक्ष गेलेलें नसतें. खरा पाठ येथें सुरू होतो. चिखल्या हा आंखूड चोंचीचा पक्षी चार पावलें धांवतो, थबकतो, दिसलेला किडा टिपतो व पुन्हां धांवतो. त्याचा सारा भरंवसा डोळ्यांवर. त्याच्या शेजारचा टिलवा मान खालीं घालून शिवणयंत्राच्या सुईप्रमाणें भराभर टोंचे मारीत जातो. लांब सरळ चोंचीचे पाणटिवळे पोटापर्यंतच्या पाण्यांत उभे राहून खोल चाचपतात, आणि वांकड्या लांब चोंचीचे पक्षी खेकड्याच्या बिळांत चोंच घालतात. एकाच चिखलाचे हे जणूं निरनिराळे मजले आहेत व प्रत्येक चोंच आपापल्या मजल्याची किल्ली आहे. ही गोष्ट एकदां ध्यानांत आलेलें मूल पुढें पक्ष्यांचीं नांवें विसरलें तरी बिघडत नाहीं.

या चिखल्या-टिलव्यांपैकीं पुष्कळ हिमालयापलीकडून, कांहीं तर सायबीरियाकडून आलेले असतात. परत जाण्यापूर्वीं त्यांना अंगावर चरबी सांठवावी लागते. कांहीं जातींचें वजन प्रस्थानाच्या वेळीं जवळजवळ दुप्पट होतें. आणि हें खाणें भरतीनें मोजून दिलेल्या घटकांतच उरकावें लागतें. छायाचित्रासाठीं कोणी चिखलांत उतरला, होडी कळपांत घातली किंवा वरून यांत्रिक उडता कॅमेरा सोडला, म्हणजे कळप उठतो, दोन घिरट्या घालतो व पुन्हां बसतो. पाहणाराला तें दृश्य मनोहर वाटतें. पक्ष्याच्या हिशेबीं मात्र तेवढें अन्न बुडालें व उड्डाणांत शक्तीहि खर्ची पडली. एका दुपारीं असें पांच-सहा वेळां झालें तर त्या दिवसाची चरणी संपलीच. गेटवेहून मांडव्याकडे जाणाऱ्या लाँचींवरून कुरव पक्ष्यांना शेव-गांठिया टाकणारी मंडळी दुष्ट नसतात, पण तो पक्षिप्रेमाचा नमुना म्हणून मुलांस दाखवूं नये हें बरें.

२०१५ सालीं ठाणे खाडीच्या सुमारें १,६९० हेक्टर क्षेत्रास फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून संरक्षण मिळालें, व २०२२ सालीं रामसर कराराच्या जागतिक पाणथळ स्थळांच्या यादींत त्याचा समावेश झाला. ऐरोली येथील केंद्रांतून तेथें होड्या सुटतात. त्यांच्या वेळाहि भरतीवरच ठरतात. परंतु शिवडी या अभयारण्याच्या सीमेबाहेर, दक्षिणेस आहे, आणि २०२४ च्या जानेवारींत खुला झालेला अटल सेतु तेथूनच समुद्रांत शिरतो. मुंबईकरांनीं ज्या चिखलावर हे पक्षी प्रथम डोळे भरून पाहिले त्यालाच अभयारण्याचें छत्र नाहीं, ही गोष्ट विसरण्यासारखी नाहीं.

मुंबईस या विद्येची परंपरा जुनी आहे. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीची स्थापना १८८३ सालीं झाली. तिच्या मूळ संस्थापकांत डॉ. आत्माराम पांडुरंग व डॉ. सखाराम अर्जुन हे दोन मराठी गृहस्थ होते, ही गोष्ट मराठी घरांत फारशी ठाऊक नसते. पुढें जगप्रसिद्ध झालेले सालिम अली यांनीं १९२६ च्या सुमारास मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स वस्तुसंग्रहालयांत मार्गदर्शक-व्याख्याता म्हणून काम केलें. १९३० सालीं ते अलिबागजवळ किहीम येथें राहिले असतां त्यांनीं सुगरणीच्या वसाहतीचा अभ्यास केला. सुगरणीचा नर घरटें अर्धें विणतो, मादी येऊन तें पारखते, पसंत पडल्यास आंत राहते, आणि नर लगेच दुसरें घरटें व दुसरी मादी यांच्या मागें लागतो, हें त्यांनीं दाखवून दिलें. हा शोध हिंडून लागलेला नाहीं. एका ठिकाणीं दिवसेंदिवस बसून लागला.

किनाऱ्यावरून देशावर आलें म्हणजे घड्याळ बदलतें. भीमेवरील उजनीचें धरण १९८० सालीं पुरें झालें व भिगवण, कुंभारगांव या बाजूस त्याचें उथळ पाणी पसरलें. येथें भरती-ओहोटी वर्षांतून एकदांच होते असें म्हटलें तरी चालेल. पावसाळ्यांत जलाशय भरतो, आणि हिवाळ्यापासून कालव्यांनीं पाणी उतरत जाऊन चिखलाच्या कडा उघड्या पडतात. ज्या वर्षीं पाणी उशीरापर्यंत चढलेलें राहतें त्या वर्षीं रोहितहि उशीरा येतात. सुटी ठरली म्हणून पक्षी येत नाहींत. येथें वाटाड्ये म्हणजे गांवचे मच्छीमार. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला पट्टकादंब हंस आज कोणत्या टेंकाडावर उतरला आहे, तें त्यांना कोणत्याहि ग्रंथापेक्षां अधिक ठाऊक. संस्कृत कवींचा विरही चक्रवाक येथें प्रत्यक्ष जोडीनें फिरतांना दिसतो, व त्याच्या विरहाविषयीं शंका उत्पन्न होते. मात्र ‘थोडें जवळ घ्या, उडवा एकदां’ असें म्हणून वर चार पैसे देणारे प्रवासी येथें फार. नाव कळपांत घुसली तर दोष नावाड्याला लावण्याची रीत आहे; तो आधीं मागणाराला लावावयास पाहिजे.

वृद्ध व लहान मुलें बरोबर असतील तर नाशिक जिल्ह्यांतील नांदूर मध्यमेश्वर अधिक सोयीचें. गोदावरी व कादवा यांच्या संगमाजवळ विसाव्या शतकाच्या आरंभीं बंधारा झाला, त्यामागें गाळ सांचत गेला, पाणवनस्पति वाढल्या, आणि माणसानें शेतीसाठीं केलेल्या खटाटोपांतून पक्ष्यांचें उत्तम घर तयार झालें. १९८६ सालीं तें अभयारण्य झालें, व २०२० सालीं रामसर यादींत आलेलें महाराष्ट्रांतील तें पहिलें स्थळ. निरीक्षणासाठीं मनोरे आहेत. मनोऱ्यावर बसून राहिलें कीं जांभळी पाणकोंबडी लव्हाळ्यांतून बाहेर येते, कमळपक्षी लांब बोटांनीं पानांवरून चालत जातो, आणि कोणी कोणाला त्रास देत नाहीं.

पनवेलजवळच्या कर्नाळ्यासारख्या रानांत डोळ्यांपेक्षां कानाचें काम अधिक. तेथें दहा-बारांहून अधिक माणसें नेणें व्यर्थ आहे. तेथील एक वाईट संवय मात्र सांगितली पाहिजे. कांहीं मार्गदर्शक खिशांतील यंत्रावर पक्ष्याचा ध्वनिमुद्रित आवाज वाजवून त्यास बाहेर बोलावतात. नराला वाटतें, आपल्या हद्दींत प्रतिस्पर्धी शिरला. तो घरटें व भक्ष्य सोडून नसलेल्या शत्रूशीं भांडावयास धांवतो. विणीच्या दिवसांत हें करणारा मार्गदर्शक कितीहि विद्वान असला तरी त्याच्याबरोबर जाऊं नये. तसेंच माळावर टिटवी डोक्याभोंवतीं ओरडत फिरूं लागली तर जेथें आहां तेथेंच थांबून आल्या वाटेनें परतावें, कारण तिचीं अंडीं उघड्या जमिनीवर खड्यांसारखीं पडलेलीं असतात. पंचतंत्रांतील टिट्टिभाचीं अंडीं समुद्रानें नेलीं. माळावरचीं पुष्कळदां हौशी माणसाच्या बुटाखालीं जातात.

साहित्य फार लागत नाहीं. आठपट मोठें दाखविणारी व ४० मिलिमीटर भिंगाची दुर्बीण घरांत सर्वांस पुरते. त्याहून अधिक शक्तीची घेतली तर हाताचा कंपहि तितकाच मोठा होऊन दिसतो. मळकट रंगाचे कपडे, पाणी, टोपी, आणि एक वही.

वहीचें महत्त्व नवख्या मंडळीस पटत नाहीं. स्थळ, तारीख, वेळ, किनाऱ्यावर असल्यास पाण्याची स्थिति, व प्रत्येक जातीची संख्या एवढें तींत लिहावयाचें. मोठा कळप मोजतांना प्रथम दहा पक्षी मोजतात, ते कळपाची किती जागा व्यापतात तें नजरेंत धरतात, व त्या मापानें उरलेला कळप मोजतात. १९८७ पासून दर जानेवारींत आशियाई पाणपक्षी गणना होते व तींत हौशी मंडळीच बहुतेक काम करतात. रामसर करारांत पाणथळ जागेस महत्त्व देण्याच्या कसोट्या आहेत. तेथें नियमितपणें २०,००० पाणपक्षी येणें ही एक, आणि एखाद्या जातीच्या एकूण संख्येपैकीं एक टक्का पक्षी तेथें असणें ही दुसरी. हे आंकडे अशाच वह्यांतून गोळा होतात. म्हणून अनुभवी गट दर वर्षीं त्याच तळ्यावर, त्याच सुमारास जातात, आणि ज्या वर्षीं एखादी जात आलीच नाहीं त्या वर्षीं तिच्यापुढें शून्य लिहून ठेवतात.