घोडकाठची भांडी

इटलीत व्हिएत्रीच्या किनाऱ्यावर रंगीत मातीकाम बघायला पर्यटक लोटतात. शिरूर तालुक्यात, घोड नदीकाठच्या इनामगावची भांडी त्याहून कितीतरी जुनी: इ.स.पू. १६०० ते ७००. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात इथं उत्खनन केलं. इथल्या जोर्वे संस्कृतीचं भांडं ओळखणं सोपं. तांबडा लेप, त्यावर काळी भौमितिक नक्षी, तोटी असलीच तर नळीसारखी. आणि भाजणी एवढी पक्की की टिचकी मारली की खणकन वाजतं! भांडी दफनासाठीही वापरत: वारलेल्या लहान मुलांना पुरायचे ते दोन कुंभ तोंडाला तोंड लावून, त्यांत. मात्र खरं नवल चार पायांच्या मातीच्या रांजणाचं. पाच खोल्यांच्या घराच्या अंगणात पुरलेल्या या रांजणात मांडी घातलेल्या पुरुषाचा सांगाडा निघाला. इथली भांडी बघायला पुण्यात डेक्कन कॉलेजचं संग्रहालय गाठावं.