अर्थासह ऐकावे

डोकमर्डी ज्या सिल्वासात मोडते, तेथे पोर्तुगीज अमलातील एक चर्च १८९७ पासून उभे आहे. ‘पियेदादे’च्या मातेचे हे मंदिर. ‘पिएतास’ ह्या लॅटिन शब्दापासून आलेल्या ह्या नावात मृत पुत्राला मांडीवर घेतलेली माता आहे, हे तेथील किती हिंदू शेजाऱ्यांस ठाऊक असेल? १९५४ च्या ज्या मुक्तिसंग्रामात सुधीर फडके यांच्यासारखा गायक उतरला, त्याने परकी सत्ता घालविली. परकी म्हणून संगीताकडे पाठ फिरवावी असे त्याने कोणास सांगितले नव्हते.

चर्चमधील वृंदगानाची पदे मोजकीच आहेत. ‘किरिए एलेइसोन’ म्हणजे ‘प्रभो, दया कर’; हे शब्द तर लॅटिनही नव्हेत, ग्रीक आहेत. ‘सांक्तूस’ म्हणजे पवित्र. ‘आन्यूस देई’ म्हणजे देवाचे कोकरू, अर्थात बळी गेलेला ख्रिस्त. ‘स्ताबात मातेर’ म्हणजे ‘माता उभी होती’, क्रुसाच्या पायथ्याशी. पियेदादेचे दृश्य हे त्याच्या पुढचे. आमच्या बंदिशीत जसे चार शब्द आणि विस्तार मात्र रागाचा, तसेच येथे. त्याच शब्दांना पालेस्त्रिनाने एक रूप दिले, प्रॉटेस्टंट असलेल्या बाखने दुसरे. बाखच्या ‘बी मायनर मास’च्या शेवटी ‘दोना नोबिस पाचेम’, म्हणजे ‘आम्हांस शांती दे’, ही याचना येते. तिची चाल मात्र आधीच्या कृतज्ञतेच्या पदाचीच आहे. मागणे आणि आभार एकाच सुरात! शब्दार्थ न जाणणाऱ्याच्या हाती ही खूण लागणारच नाही.

मंत्र निरर्थक आहेत, असे म्हणणाऱ्या कौत्साला यास्काने निरुक्तात खोडून काढले आणि अर्थ न जाणता वेद वाहणाऱ्यास भारवाही खांबाची उपमा दिली. ती उपमा आमच्या पुरोहितांना जितकी लागू, तितकीच चर्चच्या गायकांनाही. रायतूरहून १६१६ साली छापल्या गेलेल्या ‘क्रिस्तपुराणा’त फादर स्टीफन्सने मराठी ओवी वापरली, ती लोकांस कळावे म्हणूनच.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली लोकभाषांना वाव दिला, तो योग्यच. तथापि तिने लॅटिन हद्दपार केली, हा समज चुकीचा आहे. त्याच निर्णयात लॅटिन जपण्याचेही सांगितले आहे. प्रत्यक्षात जपणूक झाली ती थोडी. गोमंतकात चाळीसाच्या उपवासकाळात व्हायोलिनच्या साथीने गायिले जाणारे लॅटिन मोतेत स्थानिक मेस्तांनी रचलेले आहेत. हे धन केवळ ख्रिस्ती समाजाचे नव्हे. ते ह्या किनाऱ्याचे आहे.

म्हणून आमची सूचना साधी आहे. अशा गायनाच्या वेळी पदांचे उच्चार देवनागरीत आणि शेजारी मराठी-कोंकणी अर्थ छापलेले एक पान श्रोत्यांच्या हाती द्यावे. सिल्वासात जोडीला गुजरातीही हवी. खर्च एका कागदाचा.