‘आउट’ लिहिलेल्या पोर्टमधून येणारा आवाज

होम थिएटर प्रोसेसरच्या (चित्र व ध्वनीचे संकेत निवडून, उलगडून पुढे पाठवणाऱ्या यंत्राच्या) ‘एचडीएमआय आउट’ पोर्टमधून संकेत फक्त बाहेर जातो, हा समज चित्रापुरताच खरा आहे. 2009 मधील एचडीएमआय 1.4 या आवृत्तीपासून त्याच केबलमधून टीव्हीचा ध्वनी प्रोसेसरकडे परत येऊ शकतो. या सोयीला ‘एआरसी’ (ध्वनीचा परतीचा मार्ग) म्हणतात. घाटरस्त्याला चढणीच्या बाजूस दोन पदर आणि उतरणीला एकच असावा, तशी ही रचना असून, परतीच्या अरुंद पदरातून स्टीरिओ किंवा दाबून लहान केलेला 5.1 ध्वनीच येतो. 2017 मध्ये एचडीएमआय 2.1 सोबत आलेल्या ‘ईएआरसी’ने तो पदर रुंद केला. मात्र टीव्हीच्या कोणत्याही एचडीएमआय पोर्टमध्ये केबल खोचून हे साधत नाही: सहसा एकाच पोर्टजवळ ‘एआरसी’ असे बारीक अक्षरांत छापलेले असते, आणि प्रोसेसरला दोन आउट असल्यास तिथेही बहुधा एकच या कामाचा असतो.

विजेबाबतचा घोटाळा ‘12 व्होल्ट ट्रिगर’ या शब्दांनी होतो. प्रोसेसरमध्ये स्पीकर चालवणारा पॉवर अ‍ॅम्प्लिफायर नसल्याने तो वेगळा घ्यावा लागतो, आणि ट्रिगरची बारीक तार त्याला केवळ चालू होण्याची खूण करते. 230 व्होल्टचा पुरवठा दोन्ही यंत्रांना आपापल्या पॉवर कॉर्डनेच द्यावा लागतो, तोही इतर सर्व जोडण्या झाल्यावर.